काळ्या पाण्याचा शेजार

नागपूरकराला समुद्राविषयीं जें कांहीं ठाऊक असतें, तें बहुधा नकाशावरूनच. भारताच्या नकाशावर बोट ठेवून मध्य शोधूं लागावें, तर तें आमच्या शून्य मैलाच्या दगडापाशीं येऊन टेकतें. आणि खाऱ्या पाण्यापासून होईल तितकें दूर राहण्याच्या हेतूनेंच हें शहर वसविलें गेलें कीं काय, अशी शंका येते. पावसाळ्यांत अंबाझरीचा तलाव भरून वाहूं लागला, म्हणजे आम्ही सहकुटुंब तेथें जातों, भाजलेलें कणीस खातों आणि लाटा पाहिल्याचें समाधान घेऊन परततों. अशा गांवच्या माणसाची बदली अंदमानला व्हावी, ही नोकरीनें केलेली थट्टाच म्हटली पाहिजे.

१९९९ सालीं ती थट्टा आमच्या वांट्याला आली. ‘अंदमान’ हा शब्द ऐकतांच माझ्या आईनें डोळ्यांना पदर लावला. १८५८ पासून जन्मठेपेचे कैदी जेथें धाडले गेले, जेथील सेल्युलर तुरुंगांत सावरकर बंधूंना कोलू ओढावा लागला, त्या बेटांचें मराठी घरांतलें नांव काळें पाणी असेंच आहे. बंदिवानांची ती वसाहत दुसऱ्या महायुद्धानंतर मोडली. पण शब्द इतक्या सहजासहजीं मोडत नाहींत. “सरकार तुला पगार देऊन पाठवते आहे, हें खरं ना रे?” असें तिनें मला दोनदां विचारून घेतलें.

बेटावरचें जीवन म्हणजे नारळाच्या झाडाखालीं पहुडणें, अशी वाचकांची समजूत असेल, तर ती मला नाइलाजानें दूर केली पाहिजे. बेटावरहि मुलांना शाळा असते, दूध नासतें आणि महिनाअखेर पैसे संपतात. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गें सुमारें बाराशे किलोमीटर. बोट तीन दिवस घेई. कांदे-बटाटे तिच्यावर अवलंबून. बोट लांबली, कीं अबर्डीन बाजारांत कांद्याचा भाव चढे आणि आमच्या स्वयंपाकघरांत नारळाचा. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. परंतु डोंगरउतारावरून तो सरळ समुद्राला जाऊन मिळतो. शहराची सारी भिस्त धानीखाडीच्या धरणावर. उन्हाळ्यांत नळ दिवसाआड येई, आणि चहूंकडे पाणीच पाणी असलेल्या त्या गांवांत माझी पत्नी पहाटे उठून बादल्या मांडी.

घड्याळाचीहि तीच गंमत. घड्याळ नागपूरचें आणि सूर्य मात्र बेटाचा! पूर्वेकडे असल्यामुळें तो नागपूरच्या आधीं जवळजवळ पंचावन्न मिनिटें माथ्यावर येतो. उन्हाळ्यांत पांचाला लख्ख उजाडे आणि हिवाळ्यांत सायंकाळचे पांच वाजून गेले, कीं दिवेलागण होई. आमच्या मुलीला ‘संध्याकाळीं सहापर्यंत खेळ’ म्हणून सांगणें म्हणजे अंधारांत खेळायला सांगणें होतें.

आमच्या घरीं पंचांगाचा उपयोग तोंवर एकादशी आणि संकष्टी पाहण्यापुरता होता. येथें तें समुद्राचें वेळापत्रक झालें. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्र एका रेषेंत ओढूं लागतात, आणि पाणी सर्वांत वर चढतें व सर्वांत खालीं उतरतें. कोंकणांत त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी सौम्य असतें, तें भांग. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत जिनें समुद्र पाहिला नव्हता, ती माझी पत्नी हें सारें वर्षभरांत शिकली. “रविवारीं सप्तमी आहे, तेव्हां जायला हरकत नाहीं,” असें ती म्हणे, आणि पोहे नि तिखटमिठाच्या पुऱ्या यांचे डबे भरले जात.

कधीं कॉर्बिन्स कोव्हच्या पुळणीवर, कधीं सूर्यास्तासाठीं चिडियाटापूला, आणि वर्षांतून एकदां वांडूरहून बोटीनें जॉली बॉय बेटावर. तेथें तळाला कांच बसविलेल्या होडींत बसून प्रवाळांचीं रानें पाहावयाचीं. १९८३ पासून तो सारा भाग सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यावरची एक कवडीहि उचलावयाची नाहीं. मुलीच्या वर्गांत कार निकोबारची एक मुलगी होती. ती शिकण्यासाठीं पोर्ट ब्लेअरला काकांकडे राही. पुष्कळदां ती आमच्याबरोबर येई. पाण्यावर उताणें पडून हात-पाय सैल कसे सोडावे, हें आमच्या मुलीला तिनेंच शिकविलें.

२६ डिसेंबर २००४. रविवार, मार्गशीर्षी पौर्णिमा. उधाणाचा दिवस म्हणून सहलीचा बेत आदल्या रात्रींच रहित झाला होता. पंचांगांत जें नव्हतें, तें सकाळीं साडेसहाच्या सुमारास आलें. फडताळांतलीं भांडीं खालीं आलीं, जमीन थांबतां थांबेना. आणि त्यानंतर तासाभराच्या आंत सखल वस्त्यांत समुद्र शिरला. आमचें घर चढावर होतें, म्हणून वांचलें. पोर्ट ब्लेअरच्या आसपासची भूमि सुमारें एक मीटर खचली. सिप्पीघाटचीं कित्येक शेतें खाऱ्या पाण्याखालीं गेलीं. उत्तरेकडे उलट जमीन उचलली गेली आणि प्रवाळ उघडें पडून उन्हांत मेलें. दक्षिण टोंकाला इंदिरा पॉइंटचें दीपगृह चार मीटरांहून अधिक खचून पाण्यांत उभें राहिलें. कार निकोबारच्या किनाऱ्यावरचीं गांवेंच्या गांवें नाहींशीं झालीं.

नाताळसाठीं घरीं गेलेली ती मुलगी परत आली नाहीं.

“तिला तर पोहतां येत होतं ना, बाबा?” असें आमच्या मुलीनें मला विचारलें. ती आठ वर्षांची होती. या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तें अद्यापहि नाहीं. त्यानंतर तिनें समुद्राकडे पाहणें सोडलें. शाळेच्या वाटेवर एका वळणाशीं खाडी दिसे. तेथें ती मान फिरवी.

नागपूरहून आईचा रोज दूरध्वनि येई: “पोरीला घेऊन ये बाप्पा, नोकरी चुलींत गेली.” मुदत संपत आली होती, अर्ज केला असता, तर बदली सहज मिळाली असती. मी कागद पुढें ओढलाहि होता. पत्नी म्हणाली, “ही भीति घेऊन ती नागपूरला गेली, तर अंबाझरीलासुद्धां भिईल. जेथें धरली, तेथेंच ती सुटूं द्या.” मी अर्ज केला नाहीं, मात्र पुढलें दीड वर्ष हा हट्ट पोरीच्या जिवावर तर बेतणार नाहीं ना, या विचारानें रात्रीं मला जाग येई.

शेवटीं आईच आली. काळ्या पाण्याच्या नांवानें रडलेली ती बाई सत्तराव्या वर्षीं विमानांत बसून नातीला न्यावयास आली, आणि आल्यावर म्हणाली, “आधीं मला तो समुद्र दाखवा.” कॉर्बिन्स कोव्हला तिनें नारळ बरोबर घेतला होता. तो पाण्यांत सोडण्यासाठीं लुगडें सांवरीत ती पुढें निघाली. लाटेच्या ओढीनें पायांखालची वाळू सरकते, हें तिला कोठून ठाऊक असणार? आम्ही हांक मारण्याच्या आंत आमची मुलगी धांवली. आजीचा हात घट्ट धरून ती गुडघाभर पाण्यांत उभी राहिली आणि म्हणाली, “टांच रोव, आजी. लाट आली कीं अशी आडवी उभी राहा.” हें तिला कोणी शिकविलें होतें, तें आम्हांला ठाऊक होतें. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

भीति समजुतीनें जात नाहीं, आणि धाडसाच्या उपदेशानें तर मुळींच जात नाहीं. आपल्याहून अजाण असा कोणी हाताशीं लागला, म्हणजे मात्र मनुष्य तिला क्षणभर खालीं ठेवतो. आणि एकदां खालीं ठेवलेली भीति पुन्हां उचलली, तरी पूर्वीइतकी जड लागत नाहीं.

२००९ सालीं आम्ही नागपूरला परतलों. त्यानंतर रॉस बेटाला २०१८ मध्यें नेताजींचें नांव मिळालें, आणि २०२४ मध्यें पोर्ट ब्लेअरचें श्री विजयपुरम झालें. समुद्राचें वेळापत्रक मात्र बदललेलें नाहीं. पौर्णिमेच्या दिवशीं भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहून पत्नी अजून म्हणते, “आज तिकडे उधाण असेल.” तिच्या बोलण्यांत प्रेम असतें कीं धाक, हें मला सांगतां येणार नाहीं. जन्मभराच्या शेजाऱ्याविषयीं आपण असेंच बोलतों: त्याच्या वेळा आपल्याला ठाऊक असतात, त्याचें मन नसतें.