पच्चक्खाणातला आगार



आगार म्हटले की आपल्याला एसटीचे आगार आठवते. पण पच्चक्खाणातही आगार असतात, म्हणजे नियम घेतानाच ठेवलेली मोकळीक. नकळत काही तोंडात गेले, किंवा असह्य आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले, तर नियम मोडत नाही. सध्या आमचे घर या आगारांवरच चालले आहे.

चार महिन्यांपूर्वी यांची स्कूटर घसरली. मेंदूला सूज आली. सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टरांनी कवटीचे एका बाजूचे हाड काढून ठेवले. आता पुढच्या आठवड्यात ते परत बसवायचे आहे. तोवर त्या जागी वरून फक्त कातडीच, म्हणून लोकलची गर्दी पूर्ण बंद.

टोपी घातली की कुळगावातले शेजारी म्हणतात, "अगदी पूर्वीसारखे दिसता हो!" दिसतात खरे. पण कुकरची शिट्टी सहन होत नाही. दोघे एकदम बोलले की गोंधळतात. वास येत नाही, म्हणून गॅसचा रेग्युलेटर मीच बंद करते. आणि राग! क्रोध हा पहिला कषाय, हे आपण पाठशाळेत शिकलो. पण कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला लगाम घालतो, आणि मार नेमका तिथेच बसला आहे. दहा मिनिटांनी हेच विचारतात, "मी काही बोललो का गं?" मी म्हणते, "नाही हो, ताक घ्या." जिथे दोषच नाही, तिथे क्षमा कसली करायची? तिथे आगार ठेवायचा.

फिट येऊ नये म्हणून यांना १२ तासांच्या अंतराने गोळी असते. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. म्हणजे चौविहार सांभाळून दोन्ही गोळ्या बसतच नाहीत. रात्रीची गोळी आगारात घेतात. गोळी मात्र चुकवायची नाही.

ऑपरेशनसाठी वहीत प्रश्न लिहून नेले. उपाशी किती तास राहायचे? त्या सकाळी फिटची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का? जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळेल का? हाडातून येणारे रक्त थांबवायला मधमाशीचे मेण वापरतात, त्याला पर्याय आहे का? डॉक्टरांनी शांतपणे उत्तरे दिली. टाळता येईल ते टाळू, नाही ते आगारात.

हाड बसले की डोके सुरक्षित होईल, पण स्वभाव पूर्वीसारखा होईलच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून सामायिक केले आणि कुकर बाहेरच्या बाल्कनीत हलवला.

एक विनंती. ऑपरेशननंतर भेटायला घोळक्याने येऊ नका. घरीच मनातल्या मनात एक नवकार म्हणा. तो यांना सोसेल.