दक्षिणेची सीमा

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी दिग्व्रताचा उल्लेख प्रवचनांतून पुष्कळदा होतो. प्रवासाचे तिकीट काढताना मात्र त्याची आठवण क्वचितच कोणाला होत असेल. दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा ठरवून घ्यावी आणि जन्मभर ती ओलांडू नये, हा या व्रताचा आशय. मर्यादा कशी आखावी हेही आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगून ठेवले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश अशा सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा धराव्यात. माल घेऊन दूरदूर जाणाऱ्या समाजासाठी हे व्रत किती नेमके होते, हे व्यापाऱ्यांच्या घरांत वेगळे सांगायला नको.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या मातुःश्रींनी पतिनिधनानंतरच्या चातुर्मासात हे व्रत घेतले. वय त्र्याहत्तर. उत्तरेस हस्तिनापूर, पूर्वेस सम्मेदशिखर, पश्चिमेस समुद्र आणि दक्षिणेस श्रवणबेळगोळ. हस्तिनापूर आणि शिखरजी यात्रासंघाबरोबर झाले होते, समुद्र रत्नागिरीस पाहिला होता. श्रवणबेळगोळ तेवढे राहिले होते.

ते राहण्याला कारण हळद होती. भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक साधारण बारा वर्षांनी येतो. १९८१ साली मूर्तीला हजार वर्षे झाल्याचा सोहळा फेब्रुवारीत झाला. नवी हळद बाजारात येऊ लागण्याचे तेच दिवस. १९९३ चा सोहळा डिसेंबरात होता, हंगाम आड येत नव्हता, पण घरात आजारपण होते. २००६ साली पुन्हा फेब्रुवारी, २०१८ साली पुन्हा फेब्रुवारी. 'हंगाम उलगडला की जाऊ' हे वाक्य त्या घराने चार तपे ऐकले. त्यातही २०१८ ची गोष्ट निराळी होती. त्या खेपेस वडील निघायला तयार होते. दुकानाच्या चाव्या तोवर मुलाच्या हाती आल्या होत्या, आणि हंगामाचे कारण त्या वर्षी मुलाने सांगितले होते. पुढे दोन-अडीच वर्षांत वडील गेले. आईने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. दक्षिणेची सीमा तेवढी नेमकी तिथे आखली.

आईला कोठेतरी न्यावे असे मुलाच्या मनात आले तेव्हा त्याने प्रथम स्वित्झर्लंडची माहितीपुस्तिका आणली. सरोवरातील नाव, डोंगरातील रेल्वे, घाटातील मोटार अशी तिन्ही वाहने त्यात होती, आणि 'जैन भोजनाची सोय' ठळक अक्षरांत छापलेली होती. आईंनी चित्रे सावकाश पाहिली आणि विचारले, "हे हस्तिनापूरच्या अलीकडे आहे की पलीकडे?" पुस्तिका मिटली. नाव, रेल्वे आणि मोटार मात्र मुलाच्या डोक्यात राहिली. ही तिन्ही वाहने व्रताच्या आत कोठे सापडतील, याचा शोध घेता घेता त्याने मार्गशीर्षातील सहा दिवसांचा बेत आखला. मडगावहून कोकण रेल्वेने उडुपी, तेथून मोटारीने वरंग, कारकळ व मूडबिद्री, पुढे मंगळूरहून घाटातील रेल्वेने श्रवणबेळगोळ. नाव वरंगला होती.

मडगावपर्यंत धाकट्या भावाने पोहोचवले. दुपारची पॅसेंजर गाडी सावकाश निघाली. कारवारजवळ काळी नदी समुद्राला मिळताना दिसली, आणि मग डावीकडे सह्याद्री, उजवीकडे नारळीच्या बनांमागे चमकून जाणारे पाणी असा तो देखावा संध्याकाळपर्यंत चालू राहिला. आईंचे लक्ष देखाव्याइतकेच घड्याळाकडे होते. सूर्यास्ताच्या दोन घटिका आधी जेवण आटोपायचे, तेव्हा होन्नावर येण्यापूर्वीच डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरचे बिनलसणाचे भडंग. पाणी सकाळी उकळून घेतलेले. शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा आहे. गाडी त्यावर आली तेव्हा नदी तांबूस झाली होती, आणि आई हात धुऊन, चूळ भरून, पुढल्या सूर्योदयापर्यंतचा नियम घेऊन खिडकीशी बसल्या होत्या.

उडुपीला भाड्याची मोटार घेतली आणि तेथे प्रवासाचा कारभारीच बदलला. आईंचे माहेर अथणी तालुक्यातले. बालपण कानडीत गेलेले. सांगलीत पन्नास वर्षे ती कानडी पेटीत ठेवलेल्या शालूसारखी राहिली होती. मुलाला कानडी येत नव्हती. चालकाशी बोलणे, रस्ता विचारणे, धर्मशाळेत खोली मागणे हे सारे आईंकडे गेले, आणि मोठ्या बाजारपेठेत आवाज असलेला हा गृहस्थ मागच्या आसनावर मुकाट बसला. किनाऱ्याची कानडी पुस्तकी वळणाची, अथणीकडची ठसकेबाज. चालक दर दोन वाक्यांना हसे आणि आईही हसत.

वरंगचे केरे बसदी म्हणजे तळ्यातील मंदिर. कमळांनी भरलेले विस्तीर्ण तळे, पलीकडे सह्याद्रीची निळसर रांग आणि पाण्याच्या मधोमध उतरत्या छपराचे बसके दगडी मंदिर. चार दिशांना चार द्वारे, चहूबाजूंनी दर्शन. आत पद्मावती मातेचेही स्थान आहे, आणि नवस फेडायला येणारी कुटुंबे येथे नेहमी दिसतात. पूल नाही, लहान नावेतूनच जावे लागते. काठावर आई थबकल्या. जन्मभर पाणी गाळून प्यायलेल्या, गाळण्यातली जीवाणी परत विहिरीत पोहोचवणाऱ्या बाईला वल्ह्याचा पहिला फटका कसा दिसला असेल, हे ज्यांच्या घरी अशी आजी आहे त्यांना कळेल. त्यांनी नावाड्याला कानडीत काही सांगितले. त्यानंतर त्याने वल्हे हळू, जवळजवळ आवाज न करता चालवले. परतताना त्यांनी पाण्याला हात जोडले. नावेतील इतर मंडळींनी ते मंदिराला उद्देशून समजून घेतले.

कारकळची बाहुबलींची मूर्ती बेचाळीस फूट उंच. १४३२ साली राजा वीरपांड्याने उघड्या खडकाच्या टेकडीवर तिची प्रतिष्ठा केली. दर्शन उत्तम झाले, तरी आईंचे मन तेथे फार रमले नाही. मोठ्या भेटीला निघालेल्या माणसाचे वाटेत होते तसे ते झाले असावे.

मूडबिद्रीने मात्र दोघांनाही थांबवले. गावात अठरा बसदी. त्यांतील १४३० साली उभारलेल्या त्रिभुवनतिलक चूडामणी बसदीला लोक हजार खांबांचे मंदिर म्हणतात. खांब जवळून पाहिले तर एकाचे कोरीवकाम दुसऱ्यासारखे नाही. पण या गावाचे खरे धन ताडपत्रांचे आहे. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या प्राचीन ताडपत्र प्रती शतकानुशतके येथेच जपल्या गेल्या. दर्शन होई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी खटपट करून त्यांच्या नकलांचे काम सुरू करवले, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला धवलेचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून छापून निघाला. पेढीवर बसणाऱ्या दोन माणसांना हे सुचले, याचे मुलाला फार अप्रूप वाटले. तो त्या कपाटांपुढे बराच वेळ उभा होता.

त्याच रात्री धर्मशाळेत तो मोबाईलवर दुसऱ्या दिवसाचा मार्ग पाहत होता. मंगळूर ते श्रवणबेळगोळ ही रेल्वे या बेताचा कळस होती. सुब्रह्मण्य रोड ते सकलेशपूर हा सुमारे ५५ किलोमीटरांचा घाट, त्यात ५७ बोगदे, पन्नासास एक असा चढ, आणि काचेच्या छताच्या डब्यात दोन जागा राखून ठेवलेल्या. सहज म्हणून त्याने श्रवणबेळगोळावर बोट ठेवून पश्चिमेकडे आडवी रेघ ओढली. मंगळूर रेघेच्या किंचित वर राहिले. पण रेल्वे मंगळूरहून निघून आग्नेयेस वळते. पुत्तूर रेघेच्या खाली गेले, सुब्रह्मण्य रोड त्याहूनही खाली. दहा-पंधरा किलोमीटरांनी गाडी दक्षिणेची सीमा ओलांडून पुन्हा वर येत होती.

हे आईंना कधी कळले नसते. स्थानकांच्या पाट्यांवर अक्षांश लिहिलेले नसतात. कोणा पंडितांनी कदाचित असेही म्हटले असते की, व्रत मुक्कामाचे असते, वाटेच्या वळणाचे नसते. मुलाने मोबाईल बंद केला, पुन्हा उघडला, रेघ पुन्हा ओढून पाहिली. मग पलीकडच्या खाटेवर जप संपण्याची वाट पाहिली आणि सांगून टाकले.

आई उठून बसल्या. त्यांनी नकाशा मागितला नाही. "किती?"

"दहा-पंधरा किलोमीटर. तासाभराची गोष्ट. उत्तरेला हस्तिनापूरच्या अलीकडे तेवढे कमी करून घे, म्हणजे झाले."

"त्यालाच क्षेत्रवृद्धी म्हणतात," आई म्हणाल्या. "एका दिशेचे काढून दुसऱ्या दिशेत घालायचे. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला हा चौथा. उमास्वामींना व्यापारी चांगले ठाऊक होते." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सांगितलेस ते बरे केलेस. न सांगतास तर तुझ्या खात्यावर पडले असते."

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग अंधारातच म्हणाला, "२०१८ चेही माझ्याच खात्यावर आहे." त्यावर आईंनी काय उत्तर दिले हे सांगता येत नाही, कारण त्यांनी उत्तर दिले नाही. त्या आडव्या झाल्या, आणि काही वेळाने त्यांच्या बोटांतील जपमाळ पुन्हा सरकू लागल्याचा आवाज आला.

काचेच्या डब्याचे पैसे बरेचसे बुडाले. सकाळी चालकाने निराळी वाट सुचवली: वेणूर, बेळतंगडी, चार्माडी घाट, मूडिगेरे, बेलूर, हासन. ही सारी रेघेच्या वर. या वाटेमुळे वेणूर पदरात पडले. फल्गुनी नदीच्या काठी १६०४ साली प्रतिष्ठित झालेले तेथील पस्तीस फुटी बाहुबली आधीच्या बेतात नव्हते. चार्माडीची वळणे मात्र आईंना सोसली नाहीत. सुंठीचा तुकडा दाढेत धरून, डोळे मिटून त्या णमोकार म्हणत राहिल्या. धुके, दरी, झाडांवरचे शेवाळ, ज्यासाठी लोक त्या घाटात मुद्दाम जातात, ते त्यांनी पाहिलेच नाही. मुलाने पाहिले. वर कोट्टिगेहार आल्यावर कॉफीच्या मळ्यांत वारा लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

श्रवणबेळगोळास पोहोचायला दुपार टळली. दुसऱ्या दिवशी पहाटे विंध्यगिरीच्या पायथ्याशी डोलीवाले उभे होते. खडकात खोदलेल्या सहाशेंहून अधिक पायऱ्या, त्याही अनवाणी, आणि आईंचे गुडघे. "माणसांच्या खांद्यावर बसून जायचे नाही," असे त्यांनी प्रथम सांगितले. पण वयस्क डोलीवाल्याशी कानडीत बोलणे झाले, आणि शेवटी ठरले ते असे: डोली बरोबर चालेल, चढताना रिकामी; उतरताना गुडघ्यांनी ऐकले नाही तर बसायचे. पैसे दोन्ही वेळचे. भावात आयुष्य घालवलेल्या मुलाने तोंड उघडले आणि आईच्या नजरेने मिटले. चढायला दोन तासांहून अधिक लागले. डोलीवाले पाच पायऱ्या चढून थांबत, आणि आई पोहोचल्या की पुढे निघत.

मूर्तीसमोर गुळ्ळेकायज्जीची लहानशी प्रतिमा आहे. चावुंडरायाचे दूध जिथे कमी पडले तिथे जिच्या इवल्याशा पात्रातील दूध पुरले, ती ही म्हातारी. आईंनी पदरातून अक्षता काढल्या आणि बाहुबलींपुढे दोन मुठी वाहिल्या, एकीशेजारी एक. सत्तावन्न फूट उंचीची ती मूर्ती उत्तराभिमुख आहे. तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्याचे तोंड आपोआप दक्षिणेस होते.

पायांशी नागरी लिपीतील अक्षरे आहेत. चालक असता तरी ती त्याला लागली नसती. येथे मुलगा पुढे झाला. "श्रीचावुंडराजें करवियलें," त्याने वाचले. कर्नाटकात, कानडी आणि तमिळ लेखांच्या शेजारी, मराठीच्या जुन्यात जुन्या लेखांत गणले जाणारे हे वाक्य. दुसरे गंगराजाचे, सुत्ताले करवियल्याचे. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी. आईंनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले.

मग त्या ओवरीतून दोघे प्रदक्षिणेस निघाले. चोवीस तीर्थंकरांना हात जोडत मूर्तीच्या पाठीमागे आले, तेव्हा आई थांबल्या.

"या भिंतीपलीकडे काय?"

"मैसूर," मुलगा म्हणाला. "त्याच्या पुढे निलगिरी."

"असू दे," आई म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावून पुढच्या मूर्तीकडे वळल्या.