खालच्या खणातले धारप

आमच्या पेठेतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत भयकथाकार नारायण धारप खालच्या खणात असत. वर खांडेकर, पेंडसे. खाली बाबूराव अर्नाळकर, काकोडकर आणि धारप. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं, वर खाकी पुठ्ठा, आणि बाइंडरने दोरा इतका आत ओढलेला की ओळींची टोकं शिवणीत गडप. ती अंदाजाने वाचायची. एका समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पुढचं दिवसा वाचा.' मी अर्थातच रात्री वाचलं, आणि मग मोरीपर्यंत जायला धाकट्या भावाला उठवलं.

घरात या वाचनाला मान नव्हता. अर्नाळकर निदान वडीलही चोरून वाचत. धारप म्हणजे डोकं बिघडवणारं काहीतरी. मला आवडायचा तो त्यांचा कोरडा सूर. त्यांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथांतला अप्पा घ्या. भुताटकी सांगतानाही हिशेबाची वही वाचून दाखवल्यासारखा बोलतो. धारपांचं भय जिन्यावर, माजघरात, भाड्याच्या खोलीत उभं राहतं. आमचं घर तसंच होतं, हीच अडचण.

कॉलेजात स्टीफन किंग हाती आला आणि 'सेलम्स लॉट' वाचताना धारपांची 'लुचाई' ओळखीची वाटू लागली. 'शपथ'मागे 'इट'. मित्रांनी निकाल देऊन टाकला: उचलेगिरी. उत्तरकाळातल्या धारपांवर हा शिक्का बसला तो बसलाच, आणि समीक्षेला त्यांच्याकडे न बघण्याचं आयतं कारण मिळालं. उसनवारी आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रेत जाळणाऱ्या समाजात शवपेटीतून उठणारं पिशाच बसवायचं कसं? क्रूस दाखवून ते हटत असेल, तर इथे काय दाखवायचं? नुसतं भाषांतर करणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत. धारपांना पडले. उत्तरं दर वेळी पटत नाहीत, काही कादंबऱ्या तर पसरट झाल्यात. तरी गाव, घर आणि माणसं अस्सल इथली.

धारप 2008 मध्ये गेले. पुढे दहा वर्षांनी 'तुंबाड' हा चित्रपट आला. नाव पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि अंधाऱ्या घरात भयंकर म्हातारीजवळ एकटा राहिलेला मुलगा धारपांच्या 'आजी'तून. ती 'आजी'ही मुळात किंगच्या 'ग्रामा'वरून. अमेरिकेतली म्हातारी धारपांच्या मराठीतून कोकणात पोचली आणि हिंदी बोलू लागली. थिएटरात शेजारची कॉलेजची पोरं मोबाइलवर 'नारायण धारप' शोधत होती. आता साकेत प्रकाशनाच्या नव्या आवृत्त्या दुकानात दर्शनी ठेवलेल्या दिसतात. 1925 चा जन्म, म्हणजे शताब्दीही झाली. 'तुंबाड'मुळे नाव परतलं हे बरंच झालं, पण 'तुंबाडवाले धारप' एवढीच ओळख उरणार असेल तर तोही अन्यायच.

तेव्हा नव्याने वाचणाऱ्यांना एकच सांगणं: 'लुचाई'पासून सुरुवात करू नका. आधी समर्थकथा वाचा, तो सूर कानात बसू द्या. मग 'सेलम्स लॉट' आणि 'लुचाई' शेजारी ठेवून वाचा, आणि उचलेगिरीचा निकाल तुमचा तुम्ही लावा.