स्मरणचित्रातलं गाव कुणाचं?

दर रविवारी कोथरूडमधल्या एका वस्तीत आम्ही अभ्यासवर्ग घेतो. आठवीतली एक मुलगी एलिमेंटरी परीक्षेसाठी स्मरणचित्राचा सराव करत होती. विषय गावाचा. दोन डोंगर, मधे सूर्य, नदी, देऊळ, हंडा घेतलेली बाई. आम्ही विचारलं, "यात तुझ्या आजीचं घर कुठंय?"

"सर, ते गावाच्या बाहेर आहे. चित्रात नाही येत."

मित्रांनो, स्मरणचित्र म्हणजे आठवणीतलं चित्र. मग ही आठवण कुणाची?

'निसर्गात जात कशाला आणता?' असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. पण निसर्गचित्रातही राबणारा माणूस दिसतो, हे डच चित्रकारांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच दाखवलं. याकोब व्हान राउसडालने हार्लेम शहर दुरून रंगवलं. वर अफाट आभाळ, क्षितिजावर चर्च आणि खाली मैदानात पांढरं होण्यासाठी पसरलेलं लिननचं कापड, त्यावर काम करणारी माणसं. पुढे 1885 मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने न्यूनेन गावात 'बटाटे खाणारे' हे चित्र केलं. त्याआधी कितीतरी महिने तो शेतकऱ्यांचे चेहरे आणि हात रेखाटत होता. जे हात ताटात जातात त्याच हातांनी जमीन खणली आहे, हे चित्रात दिसावं, असं त्याने भावाला कळवलं होतं.

पण व्हॅन गॉगची नुसती नक्कल आपल्या कामाची नाही. त्याच्या चित्रात पाच जण गरीब आहेत, तरी एकाच ताटातून खातात. आपल्या गावात ताट तर दूरच, पाणवठासुद्धा एक नव्हता. म्हणून तर महाडला सत्याग्रह करावा लागला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं आणि व्यक्ती हाच घटक मानला, तो याच अनुभवातून.

साहित्यात दया पवारांच्या 'बलुतं'ने 1978 मध्ये महारवाडा मांडला. चित्रकलेत सवी सावरकरांनी पेशवाईतला गळ्यात मडकं बांधलेला माणूस उभा केला. शाळेच्या चित्रवहीत मात्र अजून तेच दोन डोंगर!

आम्ही त्या मुलीला कागदाला जोडायला दुसरा कागद दिला. तिने आजीचं पत्र्याचं घर काढलं, निळा झेंडा काढला. मग विचारलं, "सर, परीक्षेत असं काढलं तर मार्क कापतील का?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर ज्यांनी द्यायचं, त्यांना हा प्रश्न आता आपणच विचारला पाहिजे.

जय भीम!