दोन्हीकडे पेशवेच

एकाच घरातील माणसांनी एकमेकांवर शस्त्र धरले की मराठी माणूस त्याला ‘यादवी’ म्हणतो. आमच्या वसतिगृहातील मुलांसमवेत आम्ही हिवाळ्यात जो खेळ मांडतो, तो अशाच एका यादवीचा आहे. भोजनगृहातील दोन लांब टेबले जोडायची, त्यांवर कागदाच्या लगद्याचे डोंगर उभारायचे, शाडूचे बोटभर सैनिक दोन्ही बाजूंना मांडायचे, फूटपट्टीने चाल मोजायची आणि चकमकीचा निर्णय फाशांवर सोपवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ रूढ झाला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या कादंबरीकाराने खेळण्यातील शिपायांच्या लढायांवर पुस्तकच लिहिले. इंग्लंड-अमेरिकेत तेथील यादवी युद्धे आजही अशी मेजावर खेळली जातात. आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात किल्ला करून त्यावर मावळे मांडतात. मात्र त्या किल्ल्यावर कोणी लढत नाही.

मुलांची पहिली मागणी अर्थातच कोरेगावची होती. आम्ही वडगाव निवडले, ते ती वाट आपल्या उंबरठ्यावरून गेली म्हणून. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, नारायणरावांच्या मरणोत्तर जन्मलेल्या मुलाचा पक्ष घेतला आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्यांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरली आणि खालापूर, खोपोलीवरून बोरघाट चढली. दहिवलीहून खोपोली पंधराएक किलोमीटर. ज्या खोपोलीच्या तळ्याकाठी आम्ही सहलीला जातो, ते तळे बारभाईंतील नाना फडणवीसांनी बांधविलेले. हे सांगितल्यावर मुलांचे कोरेगावचे गाऱ्हाणे बरेच निवळले.

खेळाचे प्रमाण ठरविताना शंभर माणसांस एक बाहुली असा हिशेब धरला. इंग्रजांची फौज सुमारे ३,९००; म्हणजे एकोणचाळीस बाहुल्या. त्यांत गोरे सुमारे सहाशे, बाकी सारे एतद्देशीय शिपाई. आणि सामान वाहणारे बैल एकोणीस हजार! त्याच हिशेबाने एकशेनव्वद बैल झाले. मुले आठवडाभर बैलच वळत होती. मेजावर सारे मांडले तेव्हा फौज दिसेनाशी झाली, दिसत होता तो बैलांचा तांडा. घाटमाथ्यावरून पुढे ही फौज दिवसाला मैलभरही का सरकत नव्हती, हे समजावून सांगण्याची गरज उरली नाही. पुस्तकातील दोन परिच्छेदांनी जे वर्षानुवर्षे साधले नव्हते, ते शाडूच्या बैलांनी एका दुपारी साधले.

अडचण आली ती बाजू वाटताना. आठवीतील एका मुलाने कोणतीच बाजू घेण्यास नकार दिला. “सर, दोन्हीकडे पेशवेच आहेत. आपण कोणाकडून खेळायचे?” असे त्याने विचारले.

ह्या प्रश्नाला इतिहासाच्या शिक्षकाने चटकन उत्तर देऊ नये असे आमचे मत आहे. ज्यांच्या राज्यात अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्यापैकी एका चुलत्याची ही मोहीम. समोर त्याच घरातील पाच वर्षांच्याही आतील मूल आणि त्याचे कारभारी. पण घाट चढणाऱ्या मुंबई फलटणींत महार शिपाई होते, आणि मराठ्यांच्या किल्ल्यांवर राखणीसाठी रात्र जागणारेही महारच होते. शिपायाला त्याची बाजू कोणी विचारून दिली नव्हती. आम्ही त्या मुलाला बैल दिले. बैल, त्यांचे हाकणारे, ओझेवाले आणि वाटाडे ही तिसरी बाजू त्याच दिवशी खेळात आली. राजमाचीच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतील एक विद्यार्थी तिचा दुसरा भिडू झाला, कारण घाटाची वाट आपल्याच लोकांना ठाऊक असणार, ह्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

त्या मोहिमेचा शेवट मुले डोळे मिटून सांगतात. मराठ्यांनी वाटेतील धान्य-वैरण नाहीशी केली, तळेगाव जाळून ओसाड केले. इंग्रजांनी अवजड तोफा तेथल्या तळ्यात बुडवून ११ जानेवारी १७७९ च्या रात्री माघार घेतली. महादजी शिंद्यांच्या घोडदळाने त्यांना वडगावी गाठले आणि तहावर सह्या झाल्या. फाशांचे दान वेगळे पडले की आमच्या मेजावर रघुनाथराव कधी कधी पुण्यालाही पोहोचतात. तेव्हा तिसऱ्या बाजूचे गडी न चुकता विचारतात, “मग आमचे काय बदलले?”

त्या लढाईत ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर खूष होऊन मराठी मुलखाने त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. वडगावास त्याची समाधी आहे, तिला लोक नवसही बोलतात. शत्रूच्या शौर्याची ही कदर आम्हांला उमदी वाटते. मात्र त्याच्याबरोबर पडलेल्या शिपायांतील एकाचेही नाव वडगावात कोणी सांगू शकणार नाही. कोरेगावचा स्तंभ आपल्याला मोठा वाटतो तो येथे. तो कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला, हे खरेच. पण त्यावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली राहिली, आणि १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे जाऊन उभे राहिले ते त्या नावांपुढे. वडगावच्या शिपायाला असा दगड मिळाला नाही. हे सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहिले, तर कोणीतरी खिळ्याच्या टोकाने बाहुल्यांच्या बुडाशी नावे कोरली होती. काही ‘नाक’वाली, काही ठाकरी, एका बैलाचेही नाव होते. अक्षर कोणाचे ते आम्ही ओळखले, पण विचारले नाही.

पावसाळ्यात दहिवलीची हवा शाडूला मानवत नाही. दर जूनमध्ये पाच-पंचवीस शिपाई भंगतात. नवे केले की नावे पुन्हा कोरावी लागतात. ते काम मुले आता पाळीने करतात.

यंदा तिसऱ्या बाजूने नियमात दुरुस्ती सुचविली आहे. हाकणाऱ्यांना तीन दिवस दाणा मिळाला नाही, तर बैल घेऊन रात्री पसार होण्याची मुभा असावी. दोन्ही सेनापतींचा ह्याला कडाडून विरोध आहे. असे झाल्यास लढाई कार्ल्यापर्यंतसुद्धा पोहोचणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी मतदान ठेवले आहे.