पोचल्याचं पत्र

घरातून कुणी परगावी निघालं की उंबऱ्यात दोन गोष्टी हमखास सांगितल्या जात. 'जाते म्हणू नये, येते म्हणावं' ही पहिली, आणि 'पोचलीस की पत्र टाक' ही दुसरी. १९८८ साली मी कॉलेजसाठी कराडहून पुण्याला आले, तेव्हा वडिलांनी माझ्या वहीत पोस्टकार्डांची एक चळत घालून दिली होती. प्रत्येकावर आमच्या घरचा पत्ता त्यांच्या मास्तरी, गोल अक्षरात आधीच लिहिलेला. मी दोन ओळी खरडायच्या आणि कार्ड लाल पेटीत टाकायचं, एवढंच काम. ते कराडला जायला दोन दिवस लागत, मध्ये रविवार आला तर तीन. म्हणजे मी स्वारगेटला एसटीतून उतरल्यापासून ते कार्ड ओसरीवर पडेपर्यंत, मुलगी सुखरूप पोचली की नाही, हे आईवडिलांना कळायचा काही मार्ग नव्हता. तरी ते जेवत होते, झोपत होते, वडील शाळेत जाऊन भूमिती शिकवत होते. पोचली असणार, असं त्यांनी धरलेलं असे.

हे असं धरून चालणं मला आज फार मोलाचं वाटतं. माझी भाची बंगळुरूला एकटी राहते. विमानतळावरून टॅक्सीत बसल्यापासून खोलीचं कुलूप उघडेपर्यंत तिचा निळा ठिपका तिच्या आईच्या मोबाइलवर सरकत असतो. तो एका जागी जरा जास्त थांबला की माझ्या बहिणीचा जीव थाऱ्यावर राहत नाही. सिग्नल असेल, गर्दी असेल, हे तिला सांगून पटत नाही. बहीण माझ्या आईपेक्षा कमी धीराची आहे, असं मुळीच नाही. पण क्षणोक्षणी कळण्याची सोय झाली आणि न कळण्याची सवय गेली. सोय वाढली तसा घोरही वाढला. तो आधी इतका नव्हता, हे मी माझ्या घरात पाहिलेलं आहे.

आमच्याकडे फोन नव्हता. तो समोरच्या डॉक्टरकाकांकडे होता. त्या काळच्या लग्नपत्रिका कुणी जपून ठेवल्या असतील तर काढून बघा, खाली फोन नंबर आणि त्यापुढे कंसात 'पी. पी.' असं छापलेलं सापडेल. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलवून देतील. आमचा तसाच. डॉक्टरकाकू गॅलरीत येऊन हाक मारत आणि आई पदराला हात पुसत धावत जाई. हा उपकार होता आणि तो कुणी वापरून झिजवत नसे. सकाळी आठच्या आत नाही, दुपारी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी नाही, रात्री नऊनंतर तर नाहीच. हे नियम कुणी लिहून दिले नव्हते. दुसऱ्याच्या घरात घंटा वाजते, हे प्रत्येकाच्या ध्यानात असे.

पुण्यात आमच्या वसतिगृहाच्या कोपऱ्यावर एसटीडी-पीसीओचं दुकान होतं. पिवळी पाटी, काचेचं खोपटं, आत भिंतीवर लाल आकड्यांचं मीटर. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून तेव्हा रांग लागे. पण मला साडेआठलाच बोलायला हवं, नाहीतर डॉक्टरकाकूंना उठवावं लागेल, म्हणून मी जास्त दर भरत असे. महिन्यातला पहिला रविवार, साडेआठ. ती वेळ आईला ठाऊक होती, काकूंना ठाऊक होती, आई सव्वाआठलाच समोर जाऊन बसलेली असे. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून नेई. फीचे पैसे, धाकट्याचा ताप, दिवाळीला येण्याची तारीख. तीन मिनिटांत सगळं बसवायचं. लाल आकडे पळत असताना बोललेली ती वाक्यं मला अजून आठवतात. गेल्या आठवड्यात फोनवर तासभर काय बोलले, ते विचाराल तर सांगता येणार नाही.

पुढे आमच्याकडेही फोन आला, नंबर लावून बऱ्याच वर्षांनी. तिवईवर, खाली क्रोशाचा रुमाल, शेजारी नंबरांची वही. तो फोन घराचा होता. कोण उचलेल ते सांगता येत नसे. मैत्रिणीला फोन केला की आधी तिची आजी भेटे, मग 'कुठल्या गं तुम्ही मूळच्या?' इथून सुरुवात होई आणि मैत्रीण आली तरी आजीचं संपत नसे. मावसकाका, आत्याचे सासरे, मित्राचा मोठा भाऊ, अशी किती माणसं मला केवळ फोन त्यांनी उचलला म्हणून माहीत झाली. आता ज्याचा फोन त्याच्याशीच बोलायचं. माझ्या मुलाच्या मित्रांचे आवाज मी ओळखत नाही. ते कधी घराला फोन करतच नाहीत.

पण त्या काळाचं सगळंच गोड होतं, असं मी म्हणणार नाही. माझे आजोबा, आईचे वडील, गेले तेव्हा कोकणातून मामानं ट्रंक कॉल लावला होता. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे प्रकार असत आणि लाइटनिंग सगळ्यांत महाग. त्यानं तोच लावला. मुसळधार पावसाचे दिवस, लाइन मिळाली नाही. शेवटी तार आली. तारवाला दारात दिसला की उघडायच्या आधीच बायका रडू लागत, तसंच झालं. आई घाट उतरून पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. तिला वडिलांचं शेवटचं दर्शन झालं नाही. ती खंत तिनं बोलून दाखवली नाही, पण २०१३ च्या जुलैमध्ये सरकारनं तारसेवा बंद केली, ती बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली, "बरं झालं." त्यामुळे अडीअडचणीला माणूस माणसाला मिळालं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न आहे तो अडचण नसतानाचा.

मोबाइल आला तोही आधी असा अंगावर आलेला नव्हता. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातल्या मोबाइल सेवेची सुरुवात केली. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. ज्याच्याकडे तो होता तो आपला नंबर जपून देई, आणि करणाराही दहादा विचार करी. २००३ च्या मे महिन्यात येणारे फोन फुकट झाले. आम्हाला आनंदच झाला, मीही त्याच वर्षी पहिला मोबाइल घेतला. पैशाचं कुंपण निघालं, त्या जागी दुसरं कुठलं घालायचं हे मात्र कुणी ठरवलं नाही. जुने नियम दुसऱ्याच्या घरातल्या घंटेसाठी होते. खिशातल्या फोनला घरच नव्हतं, तर वेळ-अवेळ कुठली?

मग व्हॉट्सॲप आलं, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात त्यावर निळ्या खुणा आल्या. मला वाटतं, खरा बदल तिथे झाला. पत्र मिळालं कधी, वाचलं कधी, हे पूर्वी पाठवणाऱ्याला कळत नसे. उत्तर लिहायला पंधरा दिवस लागले तरी 'पत्रोत्तरास विलंब झाला, क्षमस्व' एवढ्यानं भागे. त्या पंधरा दिवसांत माणूस विचार करी, राग असला तर निवे, शब्द बदलत. आता संदेश वाचल्याचं समोरच्याला दिसतं आणि तिथून घड्याळ सुरू होतं. 'पाहिलंस ना? मग?' हा प्रश्न मला नवऱ्यानं विचारलाय, मुलानं विचारलाय, आणि मीही त्यांना विचारलाय.

मी वडिलांसारखीच शिक्षिका आहे. त्यांच्याकडे पालक येत नसत असं नाही, आमचं दार तर उघडंच असे. आठवडी बाजारात भाजी घेताना कुणीतरी थांबवून पोराचं गणित विचारी, तेही चाले. पण रात्री दहाला कुणी कडी वाजवली तर कारणही तसंच असे. मुलगा घरी आला नाही, किंवा फीपायी नाव कमी होतंय, किंवा मुलीचं लग्न ठरवतायत आणि तिला शिकायचंय. चार गल्ल्या अंधारात चालत यावं लागे, त्या चालण्यातच किरकोळ गोष्टी गळून पडत. उरे ते ऐकायला वडील उठून बसत. माझ्याकडे रात्री अकराला विचारणा येई, की उद्या चित्रकलेच्या वहीला कव्हर घालायचं का. विचारणारी आई वाईट नसते. दिवसभर नोकरी करून तिला तेव्हाच उसंत मिळते आणि हातात फोन असतो. पण अशा बारीकसारीक विचारणांच्या ढिगात एखादीचं खरंच काही दुखत असेल, तर ते मला दिसेनासं झालं, ही गोष्ट मला टोचू लागली.

तेव्हा मी वेळा ठरवल्या. पालकसभेत उभं राहून सांगितलं, की दुपारी साडेचार ते साडेपाच मी फोनवर आहे, जरूर करा. नंतरचं दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी साडेसातला मोबाइल बंद करून खणात ठेवते, तो सकाळी काढते. गजरासाठी रविवार पेठेतून साधं घड्याळ आणलं, कारण 'गजर लावायचाय' म्हणून फोन उशाशी येतो आणि मग तो गजरापुरता राहत नाही. आणि इंटरनेटबरोबर मिळालेला लँडलाइन, ज्याची आमच्याकडे कधी कुणी जोडणीही केली नव्हती, तो जोडला. त्याचा नंबर दिला तो घरच्यांना, जवळच्यांना आणि मुख्याध्यापकांना. आजोबांच्या वेळचं पुन्हा होऊ नये, म्हणून ही एक वाट उघडी हवीच.

पहिले काही आठवडे हात आपोआप खणाकडे जाई. जेवण झालं की जाई, बातम्या संपल्या की जाई. काही पालक नाराजही झाले. मग हळूहळू विचारणा कमी झाल्या, कारण बऱ्याच प्रश्नांची उत्तरं सकाळपर्यंत आपोआप सापडलेली असत. साडेचारच्या फोनवर मात्र लोक वेगळं बोलू लागले. एका वडिलांनी फोन केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "मॅडम, पोरगा घरात बोलतच नाही हो." हे त्यांनी कुठल्याही गटावर लिहिलं नसतं.

लँडलाइनमुळे आणखी एक झालं, ते मी योजलं नव्हतं. आई आता कराडला भावाकडे असते. ती रात्री फोन करते आणि तो बहुतेक वेळा माझा नवरा उचलतो. "जावईबापू, जेवलात का?" इथून त्यांचं सुरू होतं ते पावसापाण्यावरून कृष्णेच्या पुरापर्यंत जातं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं एकमेकांशी इतकं कधी बोलली नव्हती. मी बाजूला भाजी निवडत बसते आणि माझी पाळी यायची वाट बघते.

एकट्यादुकट्यानं हे करणं मात्र अवघड आहे. आमच्या कराडपासून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत सगळं गाव मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवतं. करोनाच्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांचं लक्ष पुस्तकात लागेना, म्हणून गावानं सभा घेऊन हे ठरवलं. मला त्यातला भोंगा फार पटला. सगळ्यांचाच फोन बंद असेल, तर 'तू उचलला का नाहीस' म्हणणार कोण? नोकरदारांसाठीही असा भोंगा हवा, असं अनेकांना वाटतं. फ्रान्सनं २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात घेतला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. अशा विधेयकांचे कायदे क्वचितच होतात, हे खरं. पण रात्री साहेबांचा संदेश आला की पोटात गोळा येणाऱ्या माझ्या मुलाच्या वयाच्या पोरांना, हे मागणं वेडगळ नाही, एवढं तरी संसदेतून कुणी सांगितलं.

कायदा होईल तेव्हा होईल. आमच्या सोसायटीच्या गटावर रात्री नऊनंतर फक्त आजारपण, आग, चोरी आणि लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस, एवढंच यावं, बाकी पार्किंग आणि वर्गणी सकाळी आठनंतर, असा ठराव मी लिहून दिला आहे. सेक्रेटरीकाकांनी तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला. तळमजल्यावरच्या आजींनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय आणि दुसऱ्या मजल्यावरची दोन आयटीतली मुलंही येतो म्हणाली आहेत.