नातीसाठी शाई

'शाई' हा शब्द फारसीतील 'स्याही'वरून आपल्याकडे आला आणि 'स्याही' म्हणजे काळेपणा. तेव्हा 'निळी शाई' म्हणणे हा शब्दशः पाहता विरोधच ठरतो. परंतु भाषा असल्या विरोधांना जुमानत नाही, आणि शाळा तर मुळीच नाही. पाचवीत गेलेल्या माझ्या नातीच्या शाळेने यंदा फर्मान काढले, की बॉलपेन बंद, वर्गात शाईचेच पेन हवे. पेन तिच्या वडिलांनी आणले. शाई कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र "आजोबांना विचारा" असे म्हणून सर्वांनी माझ्याकडे सरकवला. उभा जन्म प्राथमिक शाळेत वह्या तपासण्यात घालवलेल्या माणसाला यातले काही कळत असावे, असा घरच्यांचा समज आहे.

नातीचे मत आधीच ठरले होते. तिला जांभळी हवी होती. का, असे विचारता "ती वर्गात कोणाकडेच नाही" हे उत्तर मिळाले. या कारणात दोष काढण्यासारखे मला काही दिसले नाही. फ्रान्समधील शाळांत तर कित्येक पिढ्यांनी जांभळ्या शाईनेच धडे गिरवले. १९६५ साली तेथे वर्गात बॉलपेनला मुभा मिळाली आणि मग त्या दौती हळूहळू बाकांवरून दिसेनाशा झाल्या. आपल्याकडे मात्र रंगांचीही उतरंड आहे. विद्यार्थ्यांनी निळी नाहीतर काळी वापरावी, तांबडी गुरुजींची आणि हिरवी साहेबांची. जांभळीला या उतरंडीत जागाच नाही.

आमच्या लहानपणी निवडीचा प्रश्न नव्हता. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करण्याचा उद्योग आरंभिला, त्यातूनच पुढे 'कॅम्लिन' उभी राहिली. आम्ही वसईची मुले अशाच वड्या बाटलीत घालून पाणी ओतत असू. रंग कोणता, हे वडीपेक्षा पाण्यावर अवलंबून असे. महिनाअखेरीस पाणी वाढत जाई आणि आमचे अक्षर आभाळासारखे फिके होत जाई.

आता दुकानात गेलो, तर निळ्याचेच दोन घराणे समोर उभे. एक धुऊन जाणारी निळी, दुसरी न जाणारी निळी-काळी. पहिलीत केवळ रंग पाण्यात विरघळवलेला असतो. गणवेशावर सांडली तर गार पाण्याने आणि साबणाने बव्हंशी निघून जाते. सुनेचे मत अर्थातच हिच्या बाजूने पडले. जर्मनीतील शाळकरी मुलांच्या दप्तरात तर हिच्यासाठी खास पुसणी असते. पेनासारख्या त्या पुसणीने अक्षरावरून ओढले, की रंग जागच्या जागी मावळतो आणि दुसऱ्या टोकाच्या पक्क्या शाईने तेथे दुरुस्ती करता येते. चुकायला शिकणाऱ्या वयाला ही शाई शोभते. कागदावर भोके पडेपर्यंत रबर घासणारी मुले मी पाहिली आहेत.

दुसरीची गोष्ट निराळी. खरी जुनी निळी-काळी शाई मायफळ आणि हिराकस यांच्या मेळातून होत असे. मायफळ म्हणजे आपल्या आया बाळगुटीत उगाळतात तेच. त्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह एकत्र आले, की प्रथम फिकट द्रव होतो. लिहिताना दिसावे म्हणून त्यात निळा रंग घालतात. हवा लागली, की लोहाचे रूप पालटते, अक्षर काळवंडत जाते आणि कागदाच्या तंतूंत रुतून बसते. मग पाणी त्याचे काही करू शकत नाही. मात्र ती आम्ल असते. पेन वेळच्या वेळी धुतले नाही, तर पोलादी निब खाते, आणि जुन्या दस्तऐवजांत जेथे प्रमाण चुकले तेथे तिने कागदही कुरतडले आहेत. आज निळी-काळी म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच बाटल्यांत लोह असते असेही नाही. केवळ नावावर विसंबणाऱ्या गिऱ्हाइकाने हे ध्यानात ठेवावे.

आपल्या चर्चमधील स्नानसंस्काराची नोंदवही कोणी उघडून पाहिली, तर टिकाऊ शाई कशासाठी, हे सांगावे लागत नाही. नाव लिहिले जाते बाळाचे. त्याच नावाच्या समासात पुढे दृढीकरणाची नोंद येते, विवाहाची येते. एकाच माणसाच्या ओळीत तीन धर्मगुरूंची अक्षरे आणि तीन काळच्या शाया. पहिली नोंद तिसरीची वाट पाहत पंचवीस-तीस वर्षे टिकली पाहिजे.

घरच्या कागदांना अशी राखण लाभत नाही. माझे वडील १९७५ पासून आठ वर्षे कुवेतला होते. दर पंधरवड्याला त्यांचे पत्र येई, धुऊन जाणाऱ्या निळ्या शाईत, ठळक, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात. आई त्याच काळात पानवेलीचा आणि केळ्यांचा हिशेब एका लांबट वहीत निळ्या-काळ्या शाईने मांडीत असे. पत्रे आणि वही एकाच ट्रंकेत राहिली. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरले, ते आमच्या खालच्या खोलीतही दोन दिवस होते. ट्रंक उघडली तेव्हा आईची वही लगदा होता होता वाचली होती. सुकवल्यावर पानापानावरचा आणा-पैसा वाचता आला. वडिलांची पत्रे म्हणजे नुसते निळसर कागद झाले होते. त्यांवर टपालाचे शिक्के तेवढे शाबूत होते, कारण ती शाई तेलकट असते. कोणत्या दिवशी पत्र निघाले, हे आजही सांगता येते. काय लिहिले होते, ते नाही.

म्हणून दुकानात माझा हात पक्क्या शाईकडे जात होता, हे मी लपवीत नाही. पण दहा वर्षांच्या मुलीने गणिताच्या वहीत जे लिहायचे, ते पन्नास वर्षे टिकावे असा हट्ट कशासाठी? शाळेसाठी धुऊन जाणारी निळीच घेतली. जांभळीचीही लहान बाटली घेतली, घरच्या वहीसाठी आणि तिच्या हक्कासाठी. ती पुढे मैत्रिणींकडेही होईल आणि मग हिला नकोशी वाटेल, हे दिसतेच आहे. एवढेच बजावले, की चित्रकलेची काळी शाई पेनात कधी भरायची नाही. तिच्यातील लाख आत वाळते आणि पेन कायमचे तुंबते.

लोहाची एक बाटली माझ्या टेबलावर आहे, भाच्याने परदेशातून आणलेली. तिच्यासाठी पेन नव्हे, टाक वापरतो, म्हणजे धुण्याची चिंता नाही. सुटीच्या दिवशी नात माझ्याजवळ बसते. वडिलांच्या पत्रांतले जे मला आठवते ते मी सांगतो आणि ती टाकाने लिहून घेते. फार आठवत नाही. तिथल्या उन्हात सायकलची मूठ हाताला चटका देते, हे आठवते. चाळीतल्या सोबत्याने नाताळला खिचडीत मनुका घातल्या, हे आठवते. धाकट्याला रागावू नकोस, हे प्रत्येक पत्राच्या शेवटी असे. "हे जांभळ्याने लिहू?" असे तिने विचारले. नको म्हटले, तेव्हा कारण विचारले नाही. शिक्क्यांचे कागद तिने पाहिले आहेत. पहिली ओळ लिहून झाल्यावर मात्र तिची तक्रार आली, की ही शाई फिकी आहे. उद्यापर्यंत थांब, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताच दप्तर न ठेवता तिने वही उघडली आणि खिडकीशी नेऊन पाहिली.

"झाली काळी," ती म्हणाली, आणि पुढची ओळ मागितली.